शुक्रवारचा आवाज

सोमवारी सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी बाबांनी मला विचारलं, "ही काय बोलते गं, बाय?" प्रश्न अगदी साधा होता, पण टीव्हीसमोर बसलेल्या बाबांनी तो याआधी कधीच विचारला नव्हता. सहाच्या बातम्या ते माझ्या जन्माआधीपासून बघतात. ‘उजाडलं’ हे त्या कार्यक्रमाचं नाव. निवेदिका हात जोडून म्हणते, "नमस्कार. उजाडलं," आणि बाबा खुर्चीत बसल्या बसल्या तिला उत्तर देतात, "उजारलं, उजारलं," दारातून जाणाऱ्या शेजारणीला द्यावं तसं. मग अर्धा तास ते एक शब्द बोलत नाहीत. बातम्या संपल्या की धरणात पाणी किती आहे, कुठला पूल दुरुस्तीला बंद आहे, कोणत्या तालुक्यात बिबट्या आला, हे सगळं मला सांगतात, आणि सगळं बरोबर असतं. सोमवारी मात्र पडद्यावर हेमाली नव्हती. शनिवारी होती, सहा वर्षं होती, आणि सोमवारी नव्हती. जाते असंही तिने सांगितलं नव्हतं. तिच्या जागी तिच्याच वयाची एक नवी मुलगी होती, मोतिया रंगाची साडी, गुळगुळीत कपाळ. तिने हात जोडले. बाबांनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. दोन मिनिटं ते पुढे वाकून बघत राहिले, हरवलेला धागा शोधताना लूमवर वाकायचे तसे, आणि मग त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "पुलाचं सांगतेय, बाबा. आवाज वाढवू का?" ते म्हणाले, "नको. आवाज हाय बरोबर."

येत्या रविवारी मी हैदराबादला जाणार होते. उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आहे. म्हणजे भिवंडीतल्या कामतघरच्या या घरात बाबा एकटेच राहणार होते, कारण आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि दादा, म्हणजे कुणाल, काल्हेरला बिऱ्हाड करून राहतो आणि बाबांशी बोलत नाही. किंवा बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. कोण कोणाशी बोलत नाही हे आमच्याकडे कधी नीट ठरलेलं नव्हतं. मी नसताना बाबांचा दिवस कसा जाईल याचा विचार करताना मी सकाळचा अर्धा तास नेहमी जमेच्या बाजूला धरत आले होते. सहा ते साडेसहा त्यांना सोबत आहे. सोमवारी ती सोबत मला पहिल्यांदा हलताना दिसली.

आमचं घर आणि आमचा यंत्रमागांचा कारखाना यांच्यात एकच भिंत होती. पलीकडे बारा लूम, अलीकडे आम्ही चौघं. आठवड्यातले सहा दिवस लूम चोवीस तास चालायचे. भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, तांब्यातल्या पाण्यावर कायम बारीक वर्तुळं असायची, आणि टीव्ही समोर लागलेला असायचा पण त्याला आवाज नसायचा. म्हणजे असायचाच, पण धोट्यांच्या खटखटीत तो दाराबाहेर पडलेल्या कागदासारखा कुठेतरी वाहून जायचा. शुक्रवारी भिवंडीतले कारखाने बंद असतात. शुक्रवारी सकाळी भिंत गप्प असायची, पाणी सपाट असायचं आणि पडद्यावरची बाई अचानक बोलायला लागायची. आई शुक्रवारी गूळ-चणे वाटायची. टीव्हीला आवाज येणं आणि हातावर गूळ-चणे पडणं हा एकाच व्रताचा भाग आहे, अशी चार-पाच वर्षांची होईपर्यंत माझी समजूत होती. तेव्हा रंजिता नावाची निवेदिका होती. तिचं तोंड मोठं होतं, दात पांढरे, ओठ प्रत्येक अक्षराला वेगळा आकार देणारे. सहा दिवस मी तो आकार बघायचे आणि सातव्या दिवशी त्या आकाराचा आवाज ऐकायचे, आणि दर शुक्रवारी मला तो थोडा चुकीचाच वाटायचा, इतक्या मोठ्या तोंडाला इतका बारीक. अजूनही एखाद्या माणसाला पहिल्यांदा भेटते तेव्हा मी त्याच्याकडे बघत आधी त्याचा आवाज मनात ठरवून ठेवते, आणि तो बोलला की दोन्ही जुळवून बघते. ते क्वचितच जुळतात.

कारखान्यात कोणी ओरडत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. तिथे सगळे ओठांनी बोलायचे. आझमगढचा रामू शेवटच्या लूमवर असायचा आणि बाबा दारात. मध्ये पन्नास फूट, हवेत तरंगणारी रुई, ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळसर. दोघं तोंडं हलवायचे, बिनआवाजी, आणि मग एकदम हसायचे. रामू हिंदीत बोलायचा, बाबा त्यांच्या आगरी बोलीत, आणि पन्नास फुटांवरून दोघांना एकमेकांचा विनोद कळायचा. मी भिंतीच्या फटीतून बघायचे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात निवट्या जातीचे मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि मिटतात, तसं ते दिसायचं. काहीतरी महत्त्वाचं चाललेलं आणि सगळं पाण्याच्या दुसऱ्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी रामू चहाला आला की सवयीने नुसते ओठच हलवायचा. आई म्हणायची, "अरे रामू, आज शुक्रवार हाय, आवाज काढ की!" तो लाजून म्हणायचा, "भूल गया, भाभी." आम्ही सगळे हसायचो. बाबाही हसायचे. बाबा काय बघून हसले हे तेव्हा कोण विचारणार.

मंगळवारी मी बाबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. नवी मुलगी आली, तिने हात जोडले. मी तिच्याऐवजी बाबांकडे बघत होते. त्यांचे डोळे तिच्या तोंडावर होते आणि त्यांचे स्वतःचे ओठ अगदी किंचित हलत होते, पुस्तक वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाचे हलतात तसे. मग ते थांबले. पुन्हा हलले. थांबले. "हिचं तोंड मिटत न्हाय," ते म्हणाले. "नमस्कार बोलाया तोंड मिटाया लागतं. ही मिटीतच न्हाय. हसते निसती." मी पडद्याकडे बघितलं. मग फोनवर ते बघितलं, हळू करून, पुन्हा पुन्हा. ते खरंच होतं. प, फ, ब, भ, म. शाळेत एका दमात म्हटलेली ही पाच अक्षरं ओठाला ओठ लागल्याशिवाय येत नाहीत. नव्या मुलीचे ओठ प्रत्येक वेळी जवळ यायचे आणि कागदाएवढी फट ठेवून परत जायचे. त्या फटीतून म बाहेर येत होता, आवाजात, पूर्ण, गोल; पण तोंडात तो कधी झालाच नव्हता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘संगणकनिर्मित निवेदिका’. बाबांना ती अक्षरं खुर्चीवरून दिसणं शक्य नव्हतं. त्यांना फट दिसली होती.

मी बातम्या संपेपर्यंत हललेच नाही. मला आवाज येत होता, म्हणून मला फट दिसली नव्हती. ज्याला आवाज येतो त्याला फट दिसत नाही. हे वाक्य मी मनातच उलटं करून बघितलं आणि बाबांच्या कानांकडे बघितलं. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. शेवटच्या वर्षाला माझ्या प्रकल्पाचा विषय होता, यंत्रमागाच्या कारखान्यातला आवाज. बारा लूम चालू असताना दारात अठ्ठ्याण्णव डेसिबल, मध्यभागी एकशे दोन. बाबांनी कौतुकाने माझ्यासाठी मोजपट्टी धरली होती, दारापासून किती फुटांवर मी उभी आहे ते सांगायला. अहवालात मी लिहिलं होतं की अशा आवाजात अनेक वर्षं काम केल्यास श्रवणशक्ती आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे स, श, त, क अशी अक्षरं आधी विरतात आणि स्वर मागे उरतात, आणि पुढे तेही. सर म्हणाले होते, निष्कर्ष नेमके आहेत. माझ्याकडे आलेख होते, तक्ता होता, संदर्भसूची होती. मी आवाज मोजला होता. कान मोजले नव्हते. त्या दिवशी मोजपट्टीचं दुसरं टोक धरून जो माणूस माझ्याकडे बघत उभा होता, त्याने एकतीस वर्षं तिथे काढली होती, आणि मी त्याला विचारलं नव्हतं, कारण मी जे काही म्हणायचे त्याला तो बरोबर उत्तर द्यायचा.

बुधवारी सकाळी बाबा पडवीत बसून लसूण सोलत होते. त्यांची पाठ माझ्याकडे. मी दारात उभी राहून म्हणाले, "बाबा." साधारण साठ डेसिबल, नेहमीच्या बोलण्याचा आवाज. पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा!" समोरच्या गल्लीतलं मांजर वळून माझ्याकडे बघायला लागलं. मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी म्हणाले, "बाबा, घराला आग लागलीय." म्हणताना माझा आवाज फाटला. बाबांनी सालं फुंकर मारून उडवली. ती उन्हात वर गेली, कारखान्यातल्या रुईसारखी, सावकाश. मी तशीच उभी राहिले. शेजारच्या गल्लीतले लूम चालू होते, खट खट खट, आणि मला वाटलं की मी एका काचेच्या मोठ्या बरणीत उभी आहे आणि बरणीचं झाकण बाबांनी आतून लावलेलं आहे, किती वर्षांपूर्वी ते त्यांनाही आठवत नाही. मग त्यांनी मान वर केली. पडवीच्या भिंतीवर दाढी करायचा आरसा टांगलेला आहे. त्यात त्यांना मी दिसले. "उटलीस?" ते म्हणाले. "चा ठेवतंस का?"

मी चहा ठेवला आणि घराकडे पुन्हा एकदा बघितलं. पडवीतला आरसा. आतल्या खोलीतल्या कपाटाचं आरशाचं दार, जे नेहमी अर्धं उघडं असतं आणि ज्याला मी हजार वेळा ढोपर आपटलं आहे. बाबांची खुर्ची, जिथून टीव्हीही दिसतो आणि कपाटाच्या आरशातून स्वयंपाकघराचं दारही. बेलच्या जागी बाबांनी बसवलेला लाल दिवा. "बेलनी डोकं दुखतं" म्हणाले होते. हे घर मी वस्तू कुठे आहेत म्हणून ओळखत होते. त्या तिथे का आहेत हे मला त्या सकाळी कळलं. आईला माहीत असणार. आई त्यांना कधीच हाक मारत नसे. ती जवळ जाऊन त्यांच्या कोपराला बोट लावायची आणि ते वळले की मगच बोलायची. आम्हाला ते प्रेम वाटायचं. ते प्रेमच होतं, पण त्याला काम होतं. आणि आम्ही दोघं पोरं, भिंतीपलीकडच्या खटखटीत वाढलेली, समोर आल्याशिवाय बोलायचंच नाही हे पाण्यासारखं पीत वाढलो. आमच्या घरात बहिरं होणं सोपं होतं. सगळे आधीच तुमच्यासाठी तसं बोलत होते.

राहनाळला औषधांच्या गोदामात मी तापमान बघते. दोन ते आठ अंश. त्याच्या बाहेर काटा गेला तर माल परत जातो. शीतखोलीत मशीनचा एकच स्वर असतो, खालचा, सपाट, आणि त्या स्वरात माझे विचार सुटे होतात. त्या दिवशी मी मनात तक्ता मांडला. डाव्या रकान्यात निवेदक, उजव्या रकान्यात बाबा. रंजिता, माझ्या दहावीपर्यंत: बाबा सकाळी हसतमुख, बातम्या तोंडपाठ. त्यानंतर भूपेश नावाचा माणूस आला. जाड, खाली उतरलेली मिशी, वरचा ओठ दिसतच नसे. तो तीन वर्षं होता आणि ती तीन वर्षं बाबांनी बातम्या बघितल्या नाहीत. "हा मानूस खोटा हाय," ते म्हणायचे आणि सहाच्या आधीच उठून कारखान्यात जायचे. पाहुण्यांत हा विनोद झाला होता. केसरीनाथचं, म्हणजे बाबांचं, राजकारण पक्कं, मिशीवाल्याचं ऐकत नाही. मग हेमाली आली आणि एका आठवड्यात बाबा परत खुर्चीत. दुसऱ्या वर्षी जगाने तोंडावर पट्टी बांधली. आम्ही म्हणत होतो, बाबा घाबरलेत, दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत, दुकानात गेले तर काही न घेता परत येतात. त्या दीड वर्षात सबंध भिवंडीत उघडं तोंड फक्त हेमालीचं होतं. मी शीतखोलीत उभी होते, माझ्या तोंडातून वाफ येत होती, आणि मला ते दृश्य दिसलं: पिवळट उजेडातली एक गल्ली, सगळी माणसं ओळखीची, सगळ्यांना नाकाखाली काही नाही. आणि मग तक्त्यातली पुढची ओळ आपोआप भरली गेली. दादाची दाढी.

त्या बंद काळात न्हावी नव्हता म्हणून दादाची दाढी वाढली आणि मग त्याला ती आवडली. छातीकडे उतरणारी, मिशा ओठांवर आलेल्या. काल्हेरच्या गोदामातली पोरं त्याला शेर म्हणतात. लूम विकायचं ठरलं ते त्याच सुमारास. ठरवलं दादाने. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, कापडाला उठाव नव्हता, रामूही गावी निघून गेला होता. भंगारवाल्याचा ट्रक आला, बारा लूम हातोड्याने सुटे झाले, आणि बाबा कारखान्याच्या दारात उभे राहून बघत राहिले. मी घरात होते, खिडकीत. दादा ट्रकजवळून त्यांच्यासमोर आला, अगदी समोर, आणि काहीतरी बोलला. बाबांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पाठ फिरवून आत गेले. दादा दुसऱ्या महिन्यात काल्हेरला गेला. त्यानंतर तो सणाला येतो, दारात उभा राहतो, बाबा त्याच्याकडे बघून मान हलवतात आणि नातीला, रुचिकाला, उचलून घेतात. सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे की केसरीनाथने पोराला लूम विकल्याबद्दल माफ केलं नाही. मलाही माहीत होतं. चार वर्षं मला ते थर्मामीटरच्या काट्याइतकं माहीत होतं.

दुपारच्या सुट्टीत मी दादाला फोन केला. मागे ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज येत होता.

"बोल, हैदराबाद," तो म्हणाला. "पॅकिंग झाली?"

"दादा, लूम गेले त्या दिवशी तू बाबांना काय बोललास?"

तो म्हणाला, "आता काय त्याचं? सोड ना."

"सांग."

"बोललो की, बाबा, माझं चुकलं असेल तर मारा, पण बोला. बस. एवढंच. आणि त्यांनी पाठ फिरवली. तू पण बघितलंस. आपला बाप हाय म्हणून ऐकून घेतलं. दुसरा कोणी असता ना..."

"त्यांनी ऐकलं नाही, दादा."

"हां, तेच तर बोलतोय मी."

"तसं नाही. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना काहीच ऐकू येत नाही. कधीपासून ते मला माहीत नाही. ते तोंड वाचतात. आणि तुझं तोंड दिसत नाही."

"मजाक करतेस काय? टीव्हीच्या सगळ्या बातम्या सांगतात ते."

"वाचून. हेमालीच्या तोंडावरून. भूपेश आठवतो? मिशीवाला?"

ट्रकचा आवाज थांबला. कोणीतरी "कुणालभाई, गाडी लगाऊं क्या?" असं विचारत होतं आणि दादा उत्तर देत नव्हता. मी त्याचा श्वास ऐकत होते आणि मला वाटत होतं की फोन किती अपुरी वस्तू आहे, याला चेहराच नाही. "माझ्या फोनला पण," तो शेवटी म्हणाला, "व्हिडिओ लावला की ते बघायचे आणि लगेच फोन रुचिकाला दे, रुचिकाला दे बोलायचे. मला वाटायचं, तोंड पण बघवत नाही माझं." मी म्हणाले, "त्यांना कळू द्यायचं नाही की आपल्याला कळलंय. आईने कधी कळू दिलं नाही." तो म्हणाला, "ठेव आता," आणि त्यानेच फोन ठेवला. तो येईल की नाही हे त्याच्या आवाजावरून मला ठरवता आलं नाही. गुरुवारचा दिवस मी तसाच काढला.

गुरुवारी बाबांनी टीव्ही लावला नाही. सहाला ते खुर्चीत येऊन बसले, अंघोळ करून, केस विंचरून, आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यात ते स्वतः दिसत होते, मागे अर्धं उघडं कपाट, त्याच्या आरशात स्वयंपाकघराचं दार आणि दारात मी, बोटाएवढी. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "बघत नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "त्या पोरीचा माना राग न्हाय. पन तिच्यात कोन न्हाय." मग माझ्या तोंडाकडे बघत: "तू रइवारी जातंस. तिकरशी फोन करशील तवा तोंड दिसू दे. उजेरात बस." मी म्हणाले, "हो, बाबा." ओठ दोनदा मिटले. बाबा हा शब्द ओठ दोनदा मिटल्याशिवाय म्हणताच येत नाही. आई म्हणायला एकदाही मिटावे लागत नाहीत. मला वाटलं, शेवटी शेवटी आईच्या तोंडावरचे कोणते शब्द त्यांना सुटत असतील, आणि सुटलेले शब्द ते कशाने भरत असतील.

शुक्रवारी पावणेसहाला लाल दिवा लागला. मी दार उघडलं. दादा उभा होता, आणि क्षणभर मला तो ओळखू आला नाही. दाढी नव्हती, मिशीही नव्हती. हनुवटी आणि ओठांभोवतीची जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा फिकी होती, कापडाच्या ठाणातली आतली घडी उलगडावी तशी, उन्हाने न पाहिलेली. हनुवटीवर ब्लेड लागल्याची एक रेघ. "काय बघतेस," तो हळूच म्हणाला, "गोदामात पोरं शेरावरून बकरीवर आलीत." मी हसले आणि माझे डोळे भरून आले, म्हणून मी चहाकडे वळले. बाहेर सगळे कारखाने बंद होते. गल्लीत इतकी शांतता होती की तांब्यातलं पाणी काचेसारखं दिसत होतं.

बाबा खुर्चीत होते. दादा त्यांच्या समोर गेला आणि उभा राहिला. बाबांनी वर बघितलं. मी कपाटाच्या आरशातून त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी आयुष्यभर माझा बघितला तसा. ते दादाच्या तोंडाकडे बघत होते, घाईने नाही, परत आलेल्या ठाणाची वीण तपासावी तसे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "आयलास," ते म्हणाले. दादाने टीव्ही लावला. नवी मुलगी हात जोडून उभीच होती. दादाने स्टूल ओढलं आणि पडद्याच्या बाजूला, तिच्या खांद्याला खांदा लावून बसावं तसा बसला. "बाबा," तो म्हणाला, "टीव्हीचा आवाज बिघडलाय. मी सांगतो काय बोलते ती."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या गालावर एक सुरकुती पडली, रामूच्या विनोदांना पडायची ती. "हा," ते म्हणाले. "बिघारलाय खरा. लय वर्सं झाली."

टीव्ही व्यवस्थित बोलत होता. दादाने आवाज बंदच केला, आणि पडद्याखालच्या पट्टीवरची बातमी वाचून तो सांगू लागला, बिनआवाजी, कारखान्यात लहानपणी शिकला होता तसा, ओठांचे मोठे मोठे आकार करून. मी दारात होते, मला त्याची एक बाजू दिसत होती, फिका गाल आणि हलणारा जबडा. तो काय सांगतोय ते मला कळत नव्हतं. खोलीत कसलाच आवाज नव्हता. पडद्यावर एक तोंड हलत होतं, पडद्याबाहेर एक तोंड हलत होतं, आणि मधोमध बाबा बसले होते, ओठ किंचित हलवत, वाचत. एकदा ते म्हणाले, "हलू बोल. कुटचा पूल?" एकदा नुसतंच, "अरे द्येवा." मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं. किती मिनिटं गेली ते मी मोजलं नाही. मग दादा थांबला. पट्टीवर बातमी सरकत होती आणि तो ती सांगत नव्हता. त्याने स्टूल पुढे घेतलं. त्याचे ओठ दोनदा मिटले. बाजूने मला तेवढंच वाचता आलं. पुढचं वाक्य लांब होतं, पण मला ते माहीत होतं.

बाबांनी ते पूर्ण होऊ दिलं. पडद्यावरची मुलगी हसून काहीतरी सांगत होती. मग बाबांनी हात पुढे करून दादाच्या हनुवटीवरची ब्लेडची रेघ अंगठ्याने पुसली, रुई पुसावी तशी, आणि बोलले. आपला आवाज किती मोठा होतो हे ज्याला कधी कळत नाही अशा माणसाच्या आवाजात, सबंध गल्लीला ऐकू जाईल असे.

"चूक न्हाय रं तुझी. लूम जायाचंच व्हतं. माना वाटलं, तू शिव्या देतंस, न् त्या पन माना कलत न्हायत."

दादाने मान खाली घातली. बाबांनी ती बोटाने परत वर केली. "खाली नोको बगू," ते म्हणाले. "बोल." शुक्रवार होता. कामतघरचे सगळे लूम बंद होते, टीव्ही मुका होता, आणि घरात आवाज फक्त बाबांचा होता.